सप्तकरावांचं अ जीवनसत्त्व

"आमच्या घराण्यात चष्मा नाही," सप्तकरावांनी बँडच्या खोलीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आणि तो माझ्यापासून सुरू व्हायचा नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. त्यांचे आजोबा उतारवयात शेजाऱ्यांच्या घरात शिरून त्यांच्याच खुर्चीत बसत आणि त्यांच्याच सुनेकडे चहा मागत. वडील वर्तमानपत्र खिडकीच्या गजात अडकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाचत. पण चष्मा मात्र दोघांनीही कधी लावला नाही.

सप्तकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अग्निशमन दलाच्या बँडमध्ये ते पहिला ट्रम्पेट वाजवत. सूर जितका वरचा तितका त्यांचा जीव त्यात रमायचा. एकदा तारसप्तकात चढले की त्यांना खाली उतरवायला दलाची शिडी लावावी लागते, असं क्लॅरिनेटवाला म्हणायचा. त्यावरून आधी तारसप्तक, मग वयाचा मान राखून सप्तकराव. सकाळी स्टोअरमध्ये पाण्याचे पाइप तपासायचे, दुपारी सराव करायचा आणि रविवारी संध्याकाळी बागेतल्या चौथऱ्यावर बसून गाल फुगवायचे, असा त्यांचा सुखाचा संसार चालला होता.

त्या संसारात बिब्बा घातला तो सुरांच्या कागदांनी. गेल्या वर्षापासून हे कागद फारच बारीक छापायला लागलेत, असं सप्तकरावांचं ठाम मत होतं. त्यावर उपाय म्हणून ते कागदाचा स्टँड थोडा पुढे सरकवत. दर आठवड्याला थोडा. होता होता स्टँड बँडमास्तरांच्या पायाशी जाऊन पोचला. मास्तर सभ्य गृहस्थ, ते एक पाऊल मागे सरकले. स्टँड आणखी पुढे आला. मास्तर आणखी मागे सरकले. शेवटी एका रविवारी मास्तर हातवारे करत करत चौथऱ्यावरून खाली गेले आणि राहिलेली धून त्यांनी फुलांच्या वाफ्यात उभं राहून पुरी केली.

तेही खपून गेलं असतं. पण दलाच्या वार्षिक पाहणीच्या दिवशी धून मध्येच थांबल्यावर मोठ्या साहेबांनी दोन शब्द बोलायचे होते. तेवढी जागा कागदावर मोकळी सोडल्याची खूण होती. सप्तकरावांना ती खूण वरच्या सुरासारखी दिसली. साहेबांनी तोंड उघडून "बंधूंनो" म्हटलं की ट्रम्पेट कडाडायचा. साहेब थांबले की ट्रम्पेट थांबायचा. साहेबांनी पुन्हा "बंधूंनो" म्हटलं. पुन्हा कडाड. शेवटी साहेबांनी बंधूंचा नाद सोडला आणि ते खाली बसले.

मास्तरांनी सप्तकरावांना बाजूला घेतलं.

"पुढच्या महिन्यात हेच साहेब निवृत्त होतायत. मोठ्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम आहे. शेवटी ट्रम्पेटचा एकट्याचा तुकडा आहे. तो तुमचा की दुसऱ्याचा, ते तुम्ही ठरवा."

"म्हणजे काय, मास्तर? माझाच."

"मग चष्मा करून घ्या. नाहीतर तुम्ही मागच्या रांगेत आणि दुसरा ट्रम्पेटवाला पुढे."

दुसरा ट्रम्पेटवाला हा अत्यंत शांत, अत्यंत नम्र आणि म्हणूनच सप्तकरावांच्या डोक्यात जाणारा माणूस होता. तो तिथेच उभा होता आणि खाली मान घालून ट्रम्पेट पुसत होता. पुसता पुसता तो किंचित हसला, असं सप्तकरावांना वाटलं.

त्यांनी लगेच ढोलवाल्याचा चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि वाजवायला सुरुवात केली. सूर वर गेला, गाल फुगले आणि गालांबरोबर चष्माही वर चढायला लागला. धून संपेपर्यंत तो कपाळावर जाऊन बसला होता. ढोलवाला ढोलावर पालथा पडून हसत होता. तेव्हाच सप्तकरावांनी ती घराण्याची घोषणा केली आणि पेटी उचलून ते तरातरा बाहेर पडले.

आता चष्मा नको तर दुसरं काय, याचा विचार त्यांनी बसस्टॉपवर केला. डोळ्यांना अ जीवनसत्त्व लागतं, हे त्यांनी कुठल्यातरी मासिकात वाचलं होतं. कमी पडलं तर अंधारात दिसेनासं होतं, असंही त्यात होतं. मासिकाने इथवर सांगितलं होतं. कमी पडलं की दिसत नाही, म्हणजे जास्त घेतलं की जास्त दिसणार, हा पुढचा शोध सप्तकरावांचा स्वतःचा. इतकी सोपी गोष्ट लोकांच्या लक्षात कशी येत नाही आणि ते चष्म्यांच्या दुकानात रांगा कशाला लावतात, याचं त्यांना मनापासून नवल वाटलं.

ते तडक औषधांच्या दुकानात गेले.

"अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्या."

"कितीच्या?"

"सगळ्यात मोठ्या आकड्याच्या."

दुकानदाराने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "डॉक्टरांनी लिहून दिल्यात?"

"मला स्वतःला कळतं."

"बघा हं. या पंचवीस हजार युनिटच्या आहेत. रोज रोज घ्यायच्या नसतात."

पंचवीस हजार हा आकडा ऐकूनच सप्तकरावांना दुकानाची पाटी जरा स्वच्छ दिसायला लागली. त्यांनी बाटली घेतली आणि ट्रम्पेटच्या पेटीत, पुसायच्या फडक्याखाली लपवली. लपवली याचं कारण बायको. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि घरीही तिचा तास संपत नसे. तिला कळलं असतं तर तिने कान धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं असतं. सप्तकरावांनी रोज सकाळी एक गोळी सुरू केली. तीन-चार दिवसांत काही फरक दिसेना, म्हणून रात्रीही एक.

इकडे बायकोला सगळं आधीच कळलं होतं. क्लॅरिनेटवाल्याची बायको तिच्याच शाळेत होती आणि त्या घरात कुठलीही बातमी फार वेळ टिकत नसे. मागच्या रांगेची धमकी, ढोलवाल्याचा चष्मा, घराण्याची घोषणा, सगळं मधल्या सुट्टीत तिच्या कानावर आलं. तिला वाईट वाटलं. नवरा हट्टी असला तरी त्या तुकड्यासाठी तो किती दिवस झुरतोय, हे तिला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात पाणी पितानाही तो पेल्यावर बोटं नाचवत त्याचाच सराव करायचा. पण थेट सांगितलेलं त्याला कधीच पटायचं नाही. तेव्हा न सांगता काय करता येईल, असं तिने तिच्या धाकट्या भावाला विचारलं.

धाकटा भाऊ म्हणजे सप्तकरावांचा मेहुणा. त्याने आजवर गाद्या विकल्या होत्या, पाणी गाळायची यंत्रं विकली होती, मधे काही दिवस अत्तरंही. सध्या तो टॉनिकं विकत होता आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्या बॅगेत बाटली होती.

"ताई, माशाच्या यकृताचं तेल," तो म्हणाला. "चमचाभर रोज. डोळ्यांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त भाऊजींना सांगू नकोस, वासानेच पळून जातील."

"ते बघते मी."

"आणि कलेजी खाऊ घाल. भरपूर."

त्या दिवसापासून सप्तकरावांच्या सकाळच्या ऑम्लेटला एक चमत्कारिक वास यायला लागला आणि रात्रीच्या ताटात सारखी कलेजी दिसायला लागली.

"आज परत कलेजी?"

"ताजी मिळाली."

"कालही ताजीच होती."

"मग काय, शिळी आणू?"

सप्तकरावांनी ताजी खाल्ली.

मेहुणा तिथेच थांबला असता तर तो मेहुणा कसला. त्याच आठवड्यात त्याने सप्तकरावांना बागेत गाठलं. "भाऊजी, नजरेचं म्हणून कानावर आलं. माझ्याकडे डोळ्यांचं खास टॉनिक आहे. ताईला कळू देऊ नका, ती माझ्यावर उगाच चिडते." एकाच घरात एक बाटली पुढच्या दाराने आणि दुसरी मागच्या दाराने गेली, आणि मेहुण्याने दोन्हीकडे तोंड बंद ठेवलं. याला तो धंद्यातली सचोटी म्हणत असे.

असा सप्तकरावांच्या पोटात चारी दिशांनी अ जीवनसत्त्वाचा पुरवठा सुरू झाला. गोळी त्यांना माहीत, टॉनिक त्यांना आणि मेहुण्याला, तेल बायकोला आणि मेहुण्याला, कलेजी सगळ्यांना. सगळ्याची बेरीज मात्र कुणालाच माहीत नव्हती.

दोनेक आठवड्यांनी त्यांचं डोकं दुखायला लागलं. साधं नव्हे, आत कुणीतरी ढोलाचा सराव करतंय तसं. त्यांना आनंद झाला. नजर सुधारताना डोक्यावर ताण येणारच, नवीन बूटही आधी चावतातच की. मग अंगाला खाज सुटली, तळहातांची सालं निघायला लागली. जुनी कातडी जाऊन नवी येतेय, असा अर्थ त्यांनी लावला. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले तेव्हा त्यांनी कंगवा बदलला. सांधे कुरकुरायला लागले तेव्हा गादीला नावं ठेवली, ती मेहुण्यानेच विकलेली होती. आणि कागदावरचे सूर? ते होते तितकेच बारीक होते. पण चिकाटी सोडून चालणार नाही, असं म्हणून सप्तकरावांनी टॉनिकचा एक चमचा वाढवला.

सगळ्यात वाईट गत झाली ती ओठांची.

ओठ आधी कोरडे पडले, मग फुटले, मग उन्हात वाळलेल्या रंगासारखे त्यांचे पोपडे निघायला लागले. माणसाचं बाकी काही बिघडलं तरी निभावून नेता येतं, पण ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे ओठ म्हणजे त्याची भाकरी. त्यांनी लोणी लावलं, तूप लावलं, ग्लिसरिन लावलं. ओठ तेवढ्यापुरते हसल्यासारखे करत आणि पहिल्या सुराला पुन्हा चिरत. सप्तकराव सरावाला तोंडावर रुमाल बांधून यायला लागले आणि घरी बायकोकडे पाठ करून जेवायला लागले.

बँडमध्ये कुजबुज सुरू झाली.

"काय झालंय हो त्यांना?" ढोलवाल्याने विचारलं.

"साथीचं काहीतरी," क्लॅरिनेटवाला म्हणाला. त्याला ठाऊक काहीच नव्हतं, पण त्यामुळे तो कधी अडला नव्हता. "तोंडाने पसरतं. वाद्यं फुंकणाऱ्यांना तर नक्कीच."

अर्ध्या तासात सगळ्या बँडने आपापली फुंकायची टोकं काढली आणि कँटीनच्या चहाच्या पातेल्यात उकळायला टाकली. ती तिथे आहेत हे कँटीनवाल्याला कुणीच सांगितलं नाही. दुपारी चहाला पितळेची चव आली आणि मास्तरांच्या कपात ट्रॉम्बोनचं टोक निघालं. मास्तरांनी ते चमच्याने बाहेर काढून बशीत ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

"सप्तकराव," ते शेवटी म्हणाले, "तुकडा दुसऱ्याला देऊ का? मनापासून विचारतोय. तब्येत महत्त्वाची."

"तब्येतीला काय धाड भरलीय?" सप्तकराव एकदम खेकसले. ते मास्तरांवर पूर्वी कधीही खेकसले नव्हते. खेकसल्यावर त्यांना स्वतःलाच धक्का बसला आणि घरी जाताना बसमध्ये त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हल्ली असंच व्हायचं. उगाच चिडायचं, मग उगाच भरून यायचं.

वाटेत त्यांनी एका दुकानातून ओठांना लावायचं मलम घेतलं. डबीवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते अर्थातच दिसलं नाही. ते गुलाबी रंगाचं होतं आणि त्याला गुलाबाचा वास होता. सप्तकरावांनी ते सढळ हाताने लावलं, वर रुमाल बांधला आणि घरी जाऊन रुमाल धुवायच्या कपड्यांत टाकला.

रात्री बायको तो रुमाल दोन बोटांत धरून समोर उभी राहिली. रुमालावर ओठांचा गुलाबी ठसा होता.

"हे काय आहे?"

"रुमाल."

"रुमाल मलाही दिसतोय. रुमालावर काय आहे?"

सप्तकरावांनी रुमाल हातात घेऊन लांब धरला, आणखी लांब धरला. "डाग असेल."

"डागाला गुलाबाचा वास येतो का?"

"ओठ माझेच आहेत," सप्तकराव म्हणाले.

बायकोने रुमालाकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथेही गुलाबी रंग होता. इतकी वर्षं वर्गात खोडसाळ मुलं सांभाळलेली ती बाई, पण यावर कोणता प्रश्न विचारावा हे तिला सुचेना.

"तुम्ही लाली लावता?"

"मलम आहे ते. ओठ फुटलेत."

"मग माझ्यापासून तोंड का लपवत होतात?"

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

"नेणारच होते. उद्याच चला."

"कार्यक्रम होऊ दे," सप्तकराव काकुळतीने म्हणाले. कार्यक्रम परवावर आला होता. तिने मनात म्हटलं, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. आणि त्यांना ताकद यावी म्हणून सकाळच्या ऑम्लेटमध्ये तिने तेलाचा एक चमचा जास्त घातला.

निरोपाच्या कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगांत दलाचे जवान कडक गणवेशात, मागे त्यांची कुटुंबं, मधोमध हार घातलेले मोठे साहेब. सप्तकरावांची बायको आणि मेहुणा चौथ्या रांगेत बसले होते. भाषणं झाली. साहेब नोकरीच्या आठवणींनी सद्गदित झाले. मग दिवे मंद झाले आणि एकटे सप्तकराव माइकपुढे आले.

कागदाचा स्टँड त्यांनी घेतलाच नव्हता. सुधारलेल्या नजरेनेही सूर दिसत नव्हते, तेव्हा त्यांनी तुकडा पाठ केला होता. डोकं ठणकत होतं, पण त्यांनी ओठांना ट्रम्पेट लावला, डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि फुंकलं.

सूर आलाच नाही. फुटलेल्या ओठांच्या फटींतून हवा निसटली, माइकने ती उचलली आणि सभागृहाच्या सगळ्या कर्ण्यांतून एकच आवाज आला.

"स्स्स्स्स्स्स्स्स."

सप्तकरावांना वाटलं, सूर लागायला वेळ लागतोय. त्यांनी आणखी जोर केला. आवाज वाढला.

तिसऱ्या रांगेतल्या एका जवानाचे कान टवकारले. त्याने शेजाऱ्याकडे बघितलं. शेजाऱ्याने छताकडे बघितलं. कार्यक्रमानंतर जेवण होतं आणि सभागृहामागच्या स्वयंपाकघरात मोठाल्या शेगड्या पेटल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

"गॅस गळतोय," जवान उभा राहून म्हणाला. तो ओरडला नाही. त्याला तसंच शिकवलेलं होतं.

पुढचं सगळं इतकं शिस्तीत झालं की बघत राहावं. चारी दारं उघडली गेली. विजेचं मुख्य बटण बाहेरून बंद झालं. रांगांमागून रांगा, आधी मुलं, मग म्हातारी माणसं, कुणी धावलं नाही, कुणी ढकललं नाही. एका जवानाने स्वयंपाकघरात जाऊन शेगड्या विझवल्या आणि आचाऱ्याला झाऱ्यासकट बाहेर आणलं. मोठे साहेब स्वतः उठून हुकूम द्यायच्या बेतात होते, पण निवृत्त होणाऱ्या माणसाला जपायला हवं, म्हणून दोघांनी त्यांना हारासकट खांद्यावर घेतलं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं. बँडही गेला. दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याने जाता जाता सप्तकरावांच्या बाहीला हळूच हात लावला, पण कुणीतरी आपल्याला थांबवायला बघतंय असं समजून सप्तकरावांनी बाही झटकली.

माइक केव्हाच बंद पडला होता. त्यांनी डोळे मिटून सगळा तुकडा वाजवला, शेवटचा लांब सूरही मनातल्या मनात गाठला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. टाळ्या आल्या नाहीत. त्यांनी डोळे उघडले. समोर रिकाम्या खुर्च्यांची रांग न् रांग होती आणि दारात दोन जवान नळी रोखून उभे होते.

"काका, लवकर बाहेर या," त्यांतला एक म्हणाला. "आवाज तुमच्या बाजूनेच येत होता."

बाहेरच्या मैदानात दलाच्या डॉक्टरीणबाई एकेकाला तपासत होत्या. कुणालाच काही झालं नव्हतं. सप्तकराव समोर आले तेव्हा त्यांनी आधी ओठ बघितले, मग हात हातात घेऊन तळवे बघितले.

"गॅसचं सोडा. हे कधीपासून?"

"थोडे दिवस झाले."

"डोकं दुखतं? केस गळतायत? चिडचिड होते?"

सप्तकरावांनी तिन्हीला मान हलवली. बाईंना इतकं सगळं आधीच कसं कळलं, म्हणून ते चपापले.

"औषधं काय घेता?"

"काही नाही." मग बाई नुसत्या बघतच राहिल्यावर ते म्हणाले, "म्हणजे, डोळ्यांसाठी अ जीवनसत्त्वाची गोळी. पंचवीस हजारांची."

"रोज?"

"रोज दोन."

बायको "काय?" म्हणून पुढे आली. बाईंनी तिला हाताने थांबवलं. "आणखी काही?"

"मेहुण्याचं टॉनिक."

आता बायको मेहुण्याकडे वळली. मेहुणा मैदानावरचं गवत बघायला लागला.

"यांच्याकडून काही नाही ना?" बाईंनी बायकोकडे बोट करून विचारलं.

बायकोचा चेहरा उतरला. शाळेत ज्या स्वरात मुलं कबुली देतात त्याच स्वरात ती म्हणाली, "माशाच्या यकृताचं तेल. ऑम्लेटमध्ये. आणि कलेजी."

"तरीच," सप्तकराव म्हणाले. "मला वाटलं कोंबड्या आजारी आहेत."

डॉक्टरीणबाईंनी हातातली रक्तदाबाची पट्टी खाली ठेवली. "नीट ऐका, तिघेही. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे तीन हजार युनिट पुरतात. नेहमीच्या जेवणातून ती बहुतेक मिळतातच. गोळ्या, तेल, कलेजी यांतून तयार मिळणारं जीवनसत्त्व रोज दहा हजारांच्या वर जायला नको. तुम्ही गोळ्यांमधूनच पन्नास हजार घेत होतात, बाकीचं वेगळं."

"पण जीवनसत्त्वच ना ते?" मेहुणा म्हणाला. "जास्तीचं लघवीवाटे निघून जातं."

"काही जातात. हे जात नाही. हे चरबीत विरघळतं आणि यकृतात साठत राहतं. साठत साठत एक दिवस असं बाहेर दिसायला लागतं. आणखी काही महिने चाललं असतं तर यकृतावर आलं असतं, हाडांवर आलं असतं." त्या मेहुण्याकडे वळल्या. "हे टॉनिक गरोदर बायकांना विकलंत का कधी?"

"नाही अजून."

"विकूही नका. पोटातल्या बाळाला धोका असतो. आणि लहान मुलांना तर याच्या कितीतरी कमीने बाधतं."

मेहुण्याने बॅग बंद केली. त्याचा चेहरा पहिल्यांदाच कुणालाही काहीही विकणारा दिसत नव्हता.

"मी गाजरं खाल्ली असती तर?" सप्तकरावांनी विचारलं.

"तर काही झालं नसतं. गाजरातून आणि पालेभाजीतून शरीर लागेल तेवढंच बनवून घेतं. फार तर पिवळे दिसला असता."

"आणि नजर?"

"तुमच्या वयाला प्रत्येकाचं जवळचं दिसणं कमी होतं. त्याला जीवनसत्त्व लागत नाही. चष्मा लागतो."

सप्तकराव मैदानावरच बसले. बायकोही त्यांच्या शेजारी बसली.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?" ती म्हणाली, आणि स्वतःच्या पदराने तिने त्यांच्या ओठावरचा गुलाबी रंग अलगद टिपला.

तेवढ्यात मोठे साहेब तिकडे आले. हार एका खांद्यावर उतरला होता. सप्तकराव धडपडत उठले आणि माफी मागायला लागले. साहेबांनी त्यांचा हात धरला.

"सगळ्या नोकरीत मी माणसांना एकच गोष्ट शिकवली," साहेब म्हणाले. "ती त्यांना आली की नाही, हे आज बघून चाललोय. भरलेलं सभागृह, एक माणूस पडला नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "बंधूंनो..." ते सवयीने म्हणाले आणि क्षणभर सावधपणे ट्रम्पेटकडे बघून थांबले. ट्रम्पेट गप्प होता. मग साहेबांनी मैदानातच पूर्ण भाषण केलं.

गोळ्या, तेल आणि टॉनिक त्याच दिवशी बंद झालं. रक्त तपासलं, यकृताने थोडी तक्रार केली होती पण प्रकरण हाताबाहेर गेलेलं नव्हतं. आधी डोकं हलकं झालं, मग कातडी बरी झाली. ओठ जुळून यायला मात्र चांगले दोन महिने गेले. तेवढे दिवस सप्तकराव मागच्या रांगेत बसून त्रिकोणी घंटी वाजवत होते आणि पुढच्या रांगेत दुसरा ट्रम्पेटवाला नम्रपणे उत्तम वाजवत होता. सप्तकरावांनी चष्माही केला. बायकोने त्याला मागून इलास्टिक शिवून दिलं, त्यामुळे गाल कितीही फुगले तरी तो जागचा हलत नाही. चष्म्यातून पहिल्यांदा कागद बघितल्यावर ते मास्तरांना म्हणाले, "छपाई सुधारली वाटतं." मास्तर हो म्हणाले.

पुढे दलाच्या नव्या साहेबांकडून सांगावा आला. त्या दिवसाची कसरत सगळ्यांना इतकी आवडली होती की दरवर्षी तशीच घ्यायची ठरलं होतं, आणि सुरुवातीला आवाज अगदी तसाच हवा होता. सप्तकराव मोहरून गेले. त्यांच्या एका सुरावर अख्खं सभागृह उठलं, असं आयुष्यात दुसऱ्यांदा घडणार होतं. ते आठवडाभर दार लावून सराव करत राहिले. ओठ सैल सोडून बघितले, आवळून बघितले, एका बाजूने फुंकून बघितलं. पण ओठ आता धडधाकट झाले होते. काहीही केलं तरी ट्रम्पेटमधून स्वच्छ, खणखणीत सूर निघायचा.

"भाऊजी, एक उपाय आहे," मेहुणा दारातून हळूच म्हणाला.

बायको नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो आल्या पावली परत गेला.

शेवटी नव्या साहेबांनी स्टोअरमधून सायकलचा जुना पंप मागवला आणि दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला तो माइकपुढे धरायला सांगितला. पहिल्याच दाबाला सगळं सभागृह रिकामं झालं. त्या गर्दीत सप्तकरावही बाहेर आले. सूर ऐकून त्यांनी मान डोलावली, आणि वरच्या पट्टीत तो जरा कमी पडतो, असं क्लॅरिनेटवाल्याच्या कानात सांगितलं.